आधी टिक, मग फोटो

माझ्या दादाला कुठं नेलं?

हे मी पंख्याला विचारलं, माझ्या पाठीमागच्या पुठ्ठ्याला विचारलं, कुंदनच्या लॅपटॉपलाही विचारलं. त्याला म्हणे साऱ्या जगाची माहिती असते. तो झोपी गेला.

मी एक पिवळा कागद बोलतोय. तळहाताएवढा, पाठीला वरच्या बाजूस गोंदाची पट्टी असलेला. दुकानात आमची गड्डी मिळते. एक काढायचा, लिहायचा, भिंतीला चिकटवायचा. आम्ही सगळे भाऊ एकावर एक जन्मलो. मी अगदी तळाचा, म्हणजे शेंडेफळ. माझ्या लगेच वर दादा. त्याचा गोंद माझ्या कपाळाला लागलेला असायचा. मी डोळे उघडले ते त्याच्या पाठीखालीच.

शाळा म्हणाल तर मला नाही. वरच्या भावांवर कोणी लिहिलं की त्याचा दाब खाली झिरपतो, तेवढंच आमचं शिक्षण. त्यात कुंदन लिहायचा जेल पेनाने. तो पेन म्हणजे अंगावरून मुंगी चालल्यासारखा, खाली काही पोचतच नाही. ‘आज’, ‘उद्या’, ‘मीटिंग’ एवढे शब्द दादाने शिकवले म्हणून येतात. तेव्हा माझ्याकडून सुबक भाषेची अपेक्षा धरू नका. गोड बोलण्याची तर मुळीच नको. माझा भाऊ गेलाय.

आता या कुंदनबद्दल सांगतो. नाशकात हिरावाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो, घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करतो. वडील सावळीराम पहाटेच सिन्नरला कारखान्यात जातात. आई कलाबाई घर सांभाळते. बहीण वैष्णवी कॉलेजात. आणि कुंदन काय सांभाळतो? कुंदन ‘सिस्टिम’ सांभाळतो.

व्हिडिओ बघून बघून त्याच्या डोक्यात भरलं होतं की कागद आणि फोन यांची सांगड घातली की माणूस झपाट्याने कामं करतो. मग आणल्या चार रंगांच्या गड्ड्या. फोनवर तीन ॲप टाकली. एक जाडजूड प्लॅनर घेतला, त्याच्या पहिल्या पानावर नाव लिहिलं, दुसऱ्या पानावर काहीच नाही.

“डोकं रिकामं ठेवायचं असतं, आई,” तो सांगायचा. “लक्षात ठेवायचं काम कागदाचं आणि फोनचं.”

डोकं रिकामं ठेवणं त्याला आधीपासूनच जमत होतं. त्यासाठी माझ्या भावांचे जीव घ्यायची गरज नव्हती.

कारण जीवच गेले. एका भावावर लिहिलं, ‘पाणी पिणे’. एकावर, ‘उद्याची यादी करणे’. एक बिचारा ‘गॅसचा नंबर लावणे’ घेऊन भिंतीवर उभा होता. त्याचा फोटो निघाला, फोनमध्ये त्याला लाल रंग मिळाला, घंटी मिळाली, कोपऱ्यात हिरवी टिक मिळाली. फक्त गॅसचा नंबर लागला नाही. कलाबाईंनी शेजारणीकडून सिलिंडर मागून आणला, तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, “पण सिस्टिममध्ये तर झालेलं दिसतंय!”

“मग सिस्टिमवर टाक भाकरी,” कलाबाई म्हणाल्या.

नियम त्यानेच केलेला. चिठ्ठी लिहायची, तिचा फोटो फोनमध्ये घ्यायचा, घेतला की कोपऱ्यात हिरवी टिक करायची. टिक असलेली चिठ्ठी म्हणजे मेलेली चिठ्ठी. आईला सांगून ठेवलेलं, “टिकवाल्या काढून टाकत जा, भिंत स्वच्छ राहते.”

पण टिक करायला फार मजा येते म्हणे. पुढे पुढे त्याला फोटोपर्यंतही धीर निघेना. आधी टिक, मग फोटो. आणि फोटो राहून गेला तरी टिकची मजा तर मिळालेलीच असायची.

त्या सकाळी गड्डीत आम्ही दोघंच उरलो होतो. दादा आणि मी.

फोन वाजला. सायखेड्याहून कुसाबाई बोलत होत्या, कुंदनची आत्या, सावळीरामची थोरली बहीण. त्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही. एका डोळ्याने काही दिसत नाही आणि दुसऱ्याने दिसतं ते धुक्यातलं. गेल्या आठवड्यात गोठ्यात बादली समजून वासरावरच बसायला निघाल्या होत्या. त्यांच्या चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्या दिवशी नाशकात शिबिरात होतं. शिबिराचा शेवटचा दिवस. बारापर्यंत नाव नोंदवायचं, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

फोन त्यांच्या शेजारच्या नवनाथचा होता. तो त्यांना नाशकाच्या जीपमध्ये बसवून स्वतः लासलगावच्या लिलावाला कांदा घेऊन जाणार होता.

“कुंद्या, लिहून घे बरं का,” आत्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. “दरवेळेसारखी निमाणी स्टँडला नाय उतरायची मी. जीपवाला दुसरीकून जायचा हाय. तू येस्तोवर मी जागची हलायची नाय, सांगून ठेवते.”

“हो हो आत्या, लिहितोय.”

हातातला जेल पेन सुकलेला. त्याने कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेला आईचा बॉलपेन ओढला, फोन खांद्यात धरला, आमची गड्डी भिंतीवर दाबली आणि लिहिलं. काय जोर होता त्या हाताला! दादा कळवळला. एकेक अक्षर त्याच्या अंगातून आरपार माझ्यात उतरलं. आयुष्यात पहिल्यांदा मला सबंध वाक्य कळलं.

लिहून झालं. मग हिरव्या पेनाने कोपऱ्यात झोकात, खच्चून दाबून टिक. मग दादाला ओढला, टर्रकन, माझ्या कपाळावरून, आणि भिंतीला लावला. फोटोसाठी फोन उचलला, तेवढ्यात कंपनीतून कोणीतरी हाक मारली. कुंदन लॅपटॉपसमोर जाऊन बसला. हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला. संपलं.

खाली कचऱ्याच्या घंटागाडीचं गाणं वाजलं. कलाबाई लगबगीने आल्या, भिंतीवर नजर टाकली, टिकवाल्या चिठ्ठ्या खुडल्या. दादाला त्यांनी पेरूचं पान तोडावं इतक्या सहज तोडलं. मी ओरडलो. कागदाचं ओरडणं कोण ऐकतं?

खिडकीतून आवाज आला, “सुका वेगळा टाका, मावशी.”

“सुकाच आहे रे बाबा. पोराचे कागद.”

म्हणून विचारतोय. कुठं नेलं?

साडेदहाला कलाबाई म्हणाल्या, “निघ आता. कुठं उतरणार आहेत ताई?”

“एक मिनिट. बघतो.” कुंदनने फोन काढला. एक ॲप उघडलं. दुसरं उघडलं. तिसऱ्याने त्याला ‘आज तुम्ही खूप छान काम करत आहात’ असं सांगितलं. मग तो भिंतीकडे वळला. भिंत अगदी स्वच्छ होती.

“आई, इथली चिठ्ठी?”

“टिक होती तिच्यावर. टाकली.”

“अगं, पण फोटो नव्हता काढला!”

“मग टिक कशाची केली होती? माझ्या कपाळाची?”

नवनाथला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. लिलावाच्या आरड्याओरड्यात कोण उचलतो?

वैष्णवी आतून आली. “आठव ना. आत्या तुझ्याशी बोलली, आमच्याशी नाही.”

“नाका म्हणाली. कुठलातरी नाका.”

“नाशकात नाके काय कमी आहेत? आडगाव नाका, मुंबई नाका, त्र्यंबक नाका. सगळीकडे एकेक फेरी मार. तोवर आत्या उन्हात उभी राहील, आणि कोणाला विचारायला जाईल तर ट्रकखाली जाईल.”

कलाबाई खाली बसल्या. “पाटी वाचता येईना म्हणून तर आणतोय त्यांना,” एवढंच म्हणाल्या.

आणि मी तिथंच होतो! टेबलावर, कुंदनच्या हाताशी. माझ्या अंगात सगळं होतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं कागदाला वाटलं फोन सांभाळेल, फोनला वाटलं कागद आहे, आणि उपाशी उभी राहिली म्हातारी. या माणसांची मला इतकी किळस आली की वाटलं, राहू दे. माझा भाऊ यांनी कचऱ्यात टाकला, मी का सांगू? पण त्या बाईने यांचं काही बिघडवलं नव्हतं, आणि माझंही नाही. दादाने तर तिच्यासाठीच एवढा मार खाल्लेला.

तेवढ्यात कुंदनला कल्पना सुचली. त्याला कल्पना सुचते तेव्हा एखादा कागद मरतो. “थांबा, आपण नाक्यांची लिस्ट करू. प्रायॉरिटीने.” त्याने मला ओढलं, जेल पेन झटकला आणि टोक माझ्या छातीवर टेकवलं. दादाच्या अक्षरांवरून हा आता नाके लिहिणार होता!

मी काय केलं? एक कोपरा खिडकीच्या बाजूला उचलला. पंख्याचा वारा होता म्हणा हवं तर. तिरपं ऊन माझ्या अंगावरून गेलं आणि वैष्णवीचे डोळे थांबले.

“लिहू नकोस!” तिने मला हिसकावलं. “थांब, येड्या. याच्यावर उठलंय काहीतरी. पेन्सिल दे.”

त्या घरात पेन्सिल नव्हती. चार रंगांचे हायलायटर होते, काचेवर लिहायचा एक महागडा पेन होता, बारा जेल पेन होते. पेन्सिल नाही. वैष्णवी आत धावली आणि स्वतःची काजळपेन्सिल घेऊन आली. आडवी धरून अगदी हलक्या हाताने माझ्यावर फिरवू लागली.

मी काळा होत गेलो. आणि काळ्यातून दादा वर येऊ लागला.

पिवळा. त्याची प्रत्येक वेलांटी, प्रत्येक काना. मी त्याला पुन्हा कधी भेटणार नव्हतो, आणि तो माझ्या अंगावर असा उभा राहिला, जसा सकाळी भिंतीवर उभा होता. ‘आत्या. अकरा. नांदूर नाका, रसवंतीपाशी.’ कोपऱ्यात ती टिकसुद्धा आली.

कलाबाईंनी टिकवर बोट ठेवलं. “बाई अजून जीपमध्ये बसलेली, आणि तुझं काम झालं होतं, नाही का?”

कुंदनने लॅपटॉप मिटला. कामाच्या वेळात तो मिटलेला मी प्रथमच पाहिला. मग त्याने गाडीची किल्ली उचलली, मला पुठ्ठ्यावरून सोडवलं आणि फोनच्या पाठीवर चिकटवलं. कागदपत्रं घेऊन आई आणि बहीण रिक्षाने थेट शिबिराकडे निघाल्या.

आता मी नांदूर नाक्यावर, रसवंतीच्या चिपाडांत पडलोय. घंटागाडी इकडेही येते म्हणतात. आली तर तिच्या माणसाला तोच प्रश्न विचारीन. शिबिरात पुढं काय झालं, ते मला कोणी येऊन सांगणार नाही. आत्याला घेऊन कुंदन इथून निघाला तेव्हा बारा वाजायला वेळ होता, एवढं पाहिलं.

तुम्ही कागद वापरा नाहीतर फोन वापरा, दोन्ही वापरा, मला देणंघेणं नाही. तुमच्या सिस्टिमची मला कीव येते. फक्त ज्या चिठ्ठीच्या भरवशावर माणूस उभं आहे, ते माणूस घरात पाऊल टाकेपर्यंत तिच्यावर टिक करू नका. तेवढं जमलं तर माझा दादा फुकट गेला नाही म्हणेन.

राहिलं एकच. नाक्यावर पोचलो तेव्हा आत्या रसवंतीच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अकरा कधीच वाजून गेले होते. गाडीचा आवाज आला की मान वर करायच्या, आणि ऊन आपल्या बाजूला वळलंय हे त्यांना दिसत नव्हतं.

“आत्या!” कुंदन ओरडला.

“कुंद्या? कुठंय तू? हात दे बाबा. मघापासून पोरगा समजून दोन खांबांशी बोलले मी.”

आणि त्याने काय केलं असेल? फोन काढला. “थांब आत्या, हलू नकोस. आईला फोटो पाठवतो, सापडलीस म्हणून.” फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

माझी पट्टी कॅमेऱ्याच्या खाली चिकटलेली, बाकी अंग मोकळं. शेजारून एक ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याबरोबर मी होतं तेवढं बळ लावलं, उलटा झालो आणि माझं काळं तोंड कॅमेऱ्याच्या काचेवर दाबलं.

“च्यायला, काळं का दिसतंय?” त्याने दोनदा दाबून पाहिलं.

“अरे हात दे म्हणते ना,” आत्या म्हणाल्या. त्यांचा हात हवेतच होता.

खिशाला घासून मी सुटलो, तोवर काच सोडली नाही. शेवटी त्याने फोन खिशात कोंबला आणि तो हात धरला.