मधल्या मापाचा पंख

मित्रांनो, मी एक जुना पॅराग्लायडर आहे. एकाच माणसाला हवेत तोलून धरणारा कापडी पंख. माझ्याच नमुन्याची लहान आणि मोठी भावंडं माझ्यासोबत एका टेबलावर शिवली गेली. कापड तेच, दोऱ्या त्याच, फक्त मापं वेगळी. आम्ही नवशिक्यांसाठी नव्हतो आणि शर्यतवाल्यांसाठीही नव्हतो; थोडंफार उडता येणाऱ्यांसाठी होतो. मी मध्यम. माझ्यावर शिवलेल्या पट्टीवर लिहिलं होतं, उडणाऱ्याचं वजन सामानासकट ऐंशी ते शंभर किलो.

लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या आदिनाथ सरांनी मला घेतलं. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. सर आठवडाभर फळ्यापाशी उभे असत आणि रविवारी मला पाठीवर टाकून अहमदपूरकडच्या टेकडीवर येत. सरांना मी अगदी मापाचा होतो. खाली ज्वारीची शेतं, वर आम्ही दोघं. फार सुखाचे दिवस होते ते.

सरांच्या पत्नी पुनमताई त्याच क्लासमध्ये बायोलॉजी शिकवत. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचे आईवडील गेले. शेजारच्या विठाबाईंनी त्यांना ढिगाऱ्यातून बाहेर काढलं आणि लेकीसारखं वाढवलं. पुनमताई उडायला शिकल्या त्या माझ्या लहान भावावर, शिबिरात. पण घरी होतो मी एकटाच.

एका रविवारी त्या टेकडीवर म्हणाल्या, "अहो, वारा शांत आहे. एकच चक्कर मारते."

"पुनम, हा तुला मोठा होतो."

"एकच!"

सरांचा नाइलाज झाला. ताई धावल्या, मी भरलो आणि आम्ही उडालो. पण ऊन तापलं होतं. नांगरलेल्या रानातून गरम हवा वर आली आणि तिनं आम्हाला उचललं. ताई इतक्या हलक्या, की मी खाली येईचना. वर, आणखी वर! टेकडी ताटाएवढी दिसू लागली. ताईंचे हात दोऱ्यांवर गोठले.

वॉकीटॉकीवर सर ओरडत होते, "कान दुमड! बाहेरच्या दोऱ्या ओढ!" ताईंना ऐकू येत होतं, पण हात हलत नव्हते. मीही काय करणार? कान म्हणजे माझी दोन टोकं; ती दुमडली की मी खाली येतो, पण मला स्वतःला ती दुमडता येत नाहीत.

मग वॉकीटॉकीतून दुसराच आवाज आला. डबा घेऊन सोबत आलेल्या विठाबाईंनी सरांच्या हातातून यंत्र ओढून घेतलं होतं.

"पुनम, मी हितं खाली हाय. घाबरायचं न्हाई. आदिनाथ सांगायलाय तसं कर बाई."

ताईंनी एक लांब श्वास घेतला आणि दोऱ्या ओढल्या. माझी दोन्ही टोकं दुमडली आणि आम्ही हळूहळू उतरलो, दूर एका हरभऱ्याच्या शेतात. विठाबाई चप्पल हातात घेऊन धावत आल्या. ताई त्यांच्या गळ्यात पडून रडल्या. "माय, ढिगाऱ्याखाली होते तेव्हा हाच आवाज वरून यायचा. 'मी हितं वर हाय' म्हणायचीस तू."

"मग? आवाज काय बदलतो व्हय?" विठाबाई म्हणाल्या, आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसू लागल्या.

त्यानंतर ताईंनी आपल्या मापाचा पंख घेतला. इकडे क्लासच्या तुकड्या वाढत गेल्या, सरांचे रविवारही त्यात गेले. एका भुरभुर पावसात त्यांनी मला घाईनं ओलंच गुंडाळलं आणि प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे ठेवलं. तिथं मी वर्षानुवर्षं पडून राहिलो. बुरशी आली, उंदरांनी शिवण कुरतडली. मला बाहेर काढलं, तेव्हा माझ्या कापडातून हवा आरपार जात होती.

आता रविवारी ताई क्लासच्या मुलींना मैदानावर आणतात. मुली माझ्या दोऱ्या धरून मला वाऱ्यावर उभं करायला शिकतात. पाय मात्र जमिनीवरच.

परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हा उडत नाही का?"

"आता नाही," ताई म्हणाल्या. "आम्ही तो ओला ठेवला ना."

एवढंच बोलून त्या खाली बसल्या आणि माझ्यातली कुसळं एकेक करून वेचू लागल्या. मुलीही बसल्या. मित्रांनो, तुम्हाला वर नेणारं जे काही तुमच्यापाशी असेल, ते आपल्या मापाचं आहे ना, हे आधी बघा. आणि खाली उतरल्यावर, कितीही घाई असली तरी, त्याला नीट कोरडं करून ठेवा.