मंगळावरची खरखरी

वडनेर भोलजीच्या शाळेतले शेषराव मास्तर मंगळावरची गोष्ट लिहून बसले होते. नागपूरच्या मासिकानं ती दुसऱ्यांदा परत पाठवली. संपादकांनी लिहिलं होतं, ‘कथा झकास आहे, पण आपले मंगळवासी आमच्या गल्लीतल्या शास्त्रीबुवांसारखे बोलतात. त्यांना स्वतःची भाषा द्या. पंधरवड्यात आली तर दिवाळी अंकात घेऊ.’

गोष्ट छापून यावी हा एकच ध्यास मास्तरांनी सहा वर्षं धरला होता. त्यांनी शब्द उलटे लिहून पाहिले. पाण्याचं ‘णीपा’ झालेलं ऐकून बायको, सत्यभामाबाई, पोट धरून हसली. मास्तर फुरंगटून बसले.

तेवढ्यात चुलीपासून तिनं विचारलं, “अवो, आज कुडुमके खरखरीवर खरखरवू काय?”

मास्तरांनी कान टवकारले. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, त्या नावाजवळ जाणारा शब्दही नाही. सासू गोजरबाई, म्हणून गाजराचं कुडुमकं. थोरले दीर किसनराव, म्हणून किसणीची खरखरी. सासरे तुळशीराम, म्हणून अंगणातली तुळस घमघमी. गावच्या बाकीच्या सुना ‘ते, आपलं ते’ म्हणून वेळ मारून नेत. सत्यभामाबाईंना ते पटत नसे, म्हणून हे स्वतः घडवलेले शब्द. अकरा वर्षं मास्तर त्या शब्दांवर जेवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

वही घेऊन ते चुलीपाशीच बसले आणि मंगळवासींसाठी तिचा एकेक शब्द टिपू लागले.

“मंगळावरच्या बायाइले सासू असते काय?” तिनं विचारलं.

“नसते.”

“मंग त्याइले हे शब्द काऊन लागतील?”

मास्तरांनी मंगळावर घरटी एक सासू नेमली आणि गोष्ट एकदम जिवंत झाली.

एकच जागा अडली. राणी नवऱ्याला शेवटची हाक मारते ती.

“तू मले मनातल्या मनात काय म्हंतं?” मास्तरांनी विचारलं.

ती लाजली. “हाये एक शब्द.”

“सांग की.”

“नाई. बाकीचे समदे नेले तुमी. हा छापाले नाई.”

“छापत नाई. मले तं सांग!”

“तुमाले तं नाईच नाई.”

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच एका शब्दाचा हेवा वाटला. राणीच्या तोंडी त्यांनी नुसती टिंबं ठेवली.

दिवाळी अंक आला. मास्तरांनी तिला गोष्ट वाचून दाखवली आणि टिंबांपाशी ते थांबले. तांदूळ निवडता निवडता सत्यभामाबाईंचे ओठ हलले. मास्तर पुढे झुकले, पण ऐकू काहीच आलं नाही.