मंडलाच्या मधोमध

एसटीच्या संपात सगळे घरी बसून होते, तेव्हा दिपकला मंडल काढायचा नाद लागला. त्याची बायको बुद्धप्रिया शाळेत शिकवायची. तिनं एक कंपास आणि दोन-चार काळी जेल पेनं त्याच्यापुढं ठेवली. म्हणाली, "सारख्या मोबाईलवर बातम्या बघण्यापेक्षा हे करा की." मग मोबाईलवरच बघून त्यानं वर्तुळ काढलं, वर्तुळात पाकळ्या, पाकळ्यांत ठिपके आणि ठिपक्यांभोवती बारीक जाळी. पहिली मंडलं वाकडीतिकडी झाली. पुढं हात बसला. संप मिटला, दिपक पुन्हा कंडक्टरच्या कामावर गेला, पण नाद काही सुटला नाही. सांगोल्याला गाडी लागली की तिकिटाची पेटी मांडीवर घ्यायची, तिच्यावर वही ठेवायची आणि पेन चालू. डेपोतले लोक "काय दिपक, रांगोळी झाली का?" म्हणून चिडवायचे. तो हसायचा आणि हातातली पाकळी पुरी करायचा.

त्याच्या गाडीवरचे ड्रायव्हर आबासाहेब मात्र चिडवत नसत. वयानं ते बरेच मोठे, राहायला मोहोळला. जेवण झालं की रुमालाला बोटं पुसून वही मागायचे आणि एकेक पान सावकाश बघायचे. त्यांचं नवं घर बांधून झालं होतं, वास्तुशांत ठरली होती. एके दिवशी डबा खाताना ते म्हणाले, "हॉलच्या भिंतीवर तुझं एक मोठ्ठं काढायचं. सोफ्याच्या मागं."

"काढतो की, आबा."

"आन मधी गणपती."

दिपकचा घास हातातच राहिला. डेपोच्या गणपतीत खुर्च्या मांडायला तो असायचा. पण वडिलांनी, यशवंतरावांनी, लहानपणी विहारात बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, आणि आपल्या हातानं देव काढायचा नाही, हे त्याचं पक्कं होतं.

"आबा, गणपती मी काढत नाही."

"जमत न्हाय व्हय?"

'नाही जमत' म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. ते त्याच्या ओठावर आलंही होतं.

"जमेल. पण काढत नाही."

आबासाहेबांनी डब्याला झाकण लावलं. "बरं," म्हणाले आणि उठून गाडीचे टायर बघायला गेले.

त्यानंतर चार-पाच दिवस गाडीत बोलणं झालं नाही. घंटी वाजली की गाडी थांबायची, पुन्हा वाजली की निघायची. जेवायला आबासाहेब दुसऱ्या ड्रायव्हरांच्या घोळक्यात बसू लागले. दिपकनं वही पेटीतून बाहेरच काढली नाही.

"वाईट वाटलं असेल त्यांना," बुद्धप्रिया म्हणाली.

"मलापण वाटलंय," दिपक म्हणाला. "पण आता फिरवून काय सांगू?"

"फिरवू नका. थांबा थोडं."

शुक्रवारी सांगोल्याला प्रवासी उतरले, तरी आबासाहेब खाली उतरले नाहीत. सीटवर बसूनच म्हणाले, "आमच्या म्हातारीनं, आयनं, मलाच झापलं."

"का?"

"तिला सांगितलं, दिपक गणपती काढत न्हाय म्हणतोय. तर म्हणली, बरं झालं. देवाला सोफ्याच्या मागं बसवतोस व्हय? लोक तेलकट डोकी टेकणार, टीव्ही बघत पाय पसरणार. देव्हारा बांधलाय की तिकडं, तितं त्याला सुखानं बसू दे."

दिपकला हसू आलं. आबासाहेब हसले नाहीत. स्टेअरिंगवर बोट फिरवत राहिले.

"मला एक इचारायला पायजे हुतं," ते म्हणाले. "एवढी वर्सं एका गाडीवर हाय, पर तू काय काढतोस आन काय न्हाय, ते कदी इचारलंच न्हाय मी."

"मीपण कधी सांगितलं नाही, आबा."

"मग आता मधी काय काढतोस?"

"कमळ काढू?"

"काढ. रविवारी ये."

रविवारी दिपक सकाळच्या गाडीनं मोहोळला गेला. भिंतीच्या मधोमध खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला पेन्सिल, आणि मोठमोठी वर्तुळं मारून घेतली. मग मार्कर घेऊन आतलं कमळ काढायला सुरुवात केली. आबासाहेबांची आई, बजाबाई, खुर्ची टाकून समोर बसल्या.

"एवढं मान मोडूस्तोवर करून काय मिळतं रं तुला?"

"डोकं शांत होतं, आई. दिवसभर गाडीत नुसता कलकलाट असतो."

"मग कर बाबा," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

दुपार कलली तेव्हा शेवटचं, सगळ्यात बाहेरचं वर्तुळ राहिलं होतं. पाकळ्या भरत भरत तो सुरुवातीशी आला आणि थबकला. जागा उरली दोन पाकळ्यांची, आणि हिशेबानं पाकळ्या तीन बसवायच्या. आखताना सुतळी कुठंतरी ढिली पडली असणार. मार्करची शाई, पुसणार कशी? त्यानं आबासाहेबांना हाक मारली आणि चूक दाखवली. "म्हणत असाल तर तेवढ्यावर रंग मारून पुन्हा काढतो."

आबासाहेब जवळ गेले, लांब गेले. त्यांना काही कळेना. बजाबाई पुढं आल्या. "हितं व्हय? दाटीनं बसल्यात. एसटीत बसत्यात तसं."

आबासाहेब एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारची बाई दारात आली. दिपकनंही मग त्या तीन पाकळ्या अंग चोरून बसवल्या, कडा जाड केल्या आणि मार्करला टोपण लावलं.

वास्तुशांतीला तो बुद्धप्रियाला घेऊन गेला. पाहुणे भिंतीपुढं उभे राहून फोटो काढत होते. कुणी केलं म्हणून विचारलं की आबासाहेब "माझ्या गाडीचा कंडक्टर" म्हणून दिपकला दंड धरून पुढं ओढायचे. त्या तीन पाकळ्या कुणाच्याच लक्षात आल्या नाहीत. दिपकची नजर मात्र जेवताना सारखी तिकडंच जात होती.

पुढच्या महिन्यात ड्यूट्या बदलल्या. आबासाहेब पुण्याच्या गाडीवर गेले आणि दिपकच्या गाडीवर धुळाप्पा नावाचा नवा ड्रायव्हर आला. त्याला मोठ्यानं गाणी लागतात. आता दोघांची गाठ क्वचितच पडते. पण सुट्टीच्या दिवशी आबासाहेबांचा फोन येतो. फार काही बोलणं नसतं; कुठल्या गाडीचा क्लच गेला, सांगोल्याकडं पाऊस झाला का, असलंच काहीबाही. दिपक फोन खांद्याशी दाबून धरतो आणि बोलता बोलता ठिपके भरत राहतो.