दुसरी खळी

शोधनिबंधाच्या परीक्षकाने एकच प्रश्न विचारला होता. दुसरी खळी नमुन्यावरच्या घाणीमुळे आली नाही कशावरून?

उत्तर संध्याकाळपर्यंत जायला हवं होतं. लॅबचे सर वरच्या मजल्यावर थांबले होते आणि खाली मोजणीच्या खोलीत तो नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याकडे बघत बसला होता. त्यावर कोबाल्टचे दोन थर होते आणि मध्ये रुथेनियम धातूचा पापुद्रा, चार-पाच अणूंइतका पातळ. आजारपणात त्याच्या बायकोने केलेला हा शेवटचा नमुना. ती गेल्यावर तसा पापुद्रा कोणालाच जमला नाही.

यंत्र नमुन्यावर सूक्ष्मलहरी सोडायचं, चुंबकाचा जोर वाढवत न्यायचं आणि पडद्यावर रेघ सरकायची. थरांमधली चुंबकी लहर जागी झाली की रेघ खाली वाकायची. सगळे त्याला डिप म्हणत. बायको खळी म्हणायची. दोन्ही थर एका लयीत डोलले की पहिली खळी. एक पुढे तेव्हा दुसरा मागे, असे डोलले की दुसरी. पापुद्र्यापलीकडून थरांनी एकमेकांना धरून ठेवलं असेल तरच ही दुसरी दिसते. बायकोच्या निबंधातलं सगळं म्हणणं त्या एका खळीवर उभं होतं.

"भाऊजी, नुसतं टक लावून उत्तर मिळणार आहे का?" मेहुणी म्हणाली. तीही याच लॅबमध्ये होती. बहिणीनेच तिला या नादाला लावलं होतं. "मायक्रोस्कोपखाली घ्या."

त्याने घेतला. एका कोपऱ्याला चकचकीत ओरखडा होता.

"स्टीलचा चिमटा," मेहुणी हळूच म्हणाली. या खोलीत स्टीलला मज्जाव होता. लोखंडाचा कण चिकटला तर तोही खळी पाडतो. "कोणी लावला?"

"प्लॅस्टिकचा चिमटा दाबून धरावा लागतो," तो म्हणाला. "शेवटी शेवटी तिला पाण्याचा पेलासुद्धा धरवत नव्हता."

मेहुणी स्टूल ओढून बसली. मग म्हणाली, "कोपरा तोडायचा. उरलेलं मोजायचं."

"तडा भलतीकडे गेला तर? दुसरा आणायचा कुठून?"

"आणि नाही तोडला तर? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, भाऊजी."

"बोलायला काय जातंय तुझं."

"माझी बहीण होती ती," मेहुणी म्हणाली. "ताई असती तर एव्हाना तोडून, मोजून मोकळी झाली असती. वर तुम्हालाच चहा करायला लावला असता."

हे खरं होतं. त्याला हसू आलं नाही, पण त्याने हिऱ्याच्या टोकाची लेखणी उचलली.

कोपऱ्यालगत रेघ ओढताना हात ठीक होता. दाबताना अंगठा घसरला. टक् असा बारीक आवाज झाला. कोपरा सुटला, पण तडा तिथे थांबला नाही. तिरका धावत मधोमध गेला. ओरखड्याचा कोपरा एकीकडे, आणि उरलेल्याचे दोन तुकडे.

वरून सरांचा फोन आला. मेहुणीने उचलला. "हो सर. चालू आहे सर," म्हणाली आणि ठेवून दिला.

त्यातल्या त्यात मोठा तुकडा त्याने प्लॅस्टिकच्या चिमट्याने यंत्रात ठेवला. चुंबक घुमू लागला. रेघ सपाट चालली होती. पहिली खळी आली, निम्म्याहून लहान. ती येणारच होती. पुढे रेघ पुन्हा सपाट झाली आणि सपाटच राहिली. दुसरीची जागा त्याला पाठ होती. तिथे पोचायच्या आत त्याने नजर खिडकीकडे वळवली.

"भाऊजी, इकडे बघा."

रेघ वाकत होती. उथळ, पण त्याच जागी.

"थांब, उलटं येऊ दे," तो म्हणाला. चुंबकाचा जोर उतरवत आणला. खळी पुन्हा पडली. मग त्याने दुसरा तुकडा लावला. त्यातही होती, आणखी लहान. लोखंडाचा कण एका जागी बसतो. तो कोपऱ्याबरोबर गेला. हे थरांचंच होतं.

मेहुणीने डोळे पुसले आणि फोन पुढे केला. "सांगा सरांना. नमुना स्वच्छ आहे एवढंच सांगा. चिमट्याचं कशाला काढायचं? लोक म्हणतील, बाईला साधा चिमटा कळत नव्हता."

त्याने फोन घेतला.

"सर, दुसरी खळी आहे. दोन्ही तुकड्यांत आहे. आता लिहून घ्या. नमुना स्टीलच्या चिमट्याने हाताळला गेला होता. तो कोपरा आम्ही तोडला, तेव्हा नमुनाही तुटला."

पलीकडून सर काहीतरी बोलले.

"नाही सर, गाळू नका," तो म्हणाला. "निबंधावर पहिलं नाव तिचं आहे. तिने हेच लिहिलं असतं."

टेबलावरची एक डबी उघडून मेहुणीने त्याच्यापुढे धरली, आणि तो एकेक तुकडा उचलून आत ठेवू लागला.