कडा सोडून सगळं

गेल्या मंगळवारी बाबांची नोकरी गेली. तसं पत्र आलं. पत्रावर गोल शिक्का होता, शिक्क्याशेजारी सही होती, आणि सही कोंबडीने पाय घासल्यासारखी असल्यामुळे ती कुणाची आहे हे खाली टाइप केलेलं होतं.

आईने पत्र वाचलं, चार घड्या घातल्या आणि टीव्हीच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे त्याच्याखाली सरकवलं. टेबल डुगडुगायचं थांबलं. तेव्हा आमच्याकडे असं कुठलंही पत्र आलेलं नाही आणि बाबांची नोकरी व्यवस्थित चालू आहे. आजही ते दहाला पाच कमी असताना इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले. खाली पायजमा. ऑफिस कमरेपर्यंतच असतं, असं त्यांचं मत आहे.

बाबा ड्राफ्ट्समन आहेत. मोठ्या इमारतींत जिन्याजवळ एक फलक असतो बघा. मजल्याचा नकाशा, त्यात एक लाल ठिपका, ठिपक्याशेजारी ‘तुम्ही इथे आहात’, आणि आग लागली तर कुठून पळायचं त्याचे हिरवे बाण. आजवर कुणीही न वाचलेला हा फलक बाबा सव्वीस वर्षं काढतायत. अख्ख्या शहराला तुम्ही कुठे आहात ते सांगणारा माणूस, आणि स्वतःचा चष्मा कुठे आहे ते बायकोला विचारतो, हा आईचा विनोदही तेवढाच जुना.

चष्म्याचा विनोद गेल्या वर्षी बंद झाला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल.

“समोर बघितलं की मधोमध काळा डाग दिसतो का?”

“डाग नाही हो,” बाबा म्हणाले. “कुणीतरी खोडरबर फिरवलंय, आणि नीट फिरवलेलं नाही.”

निवृत्तीला चौदा महिने होते. ऑफिसचा नियम असा, की ड्राफ्ट्समनची नजर गेली की त्याला टपाल विभागात पाठवायचं, पाकिटं चिकटवायला. बाबांच्या आधी एक जण असा गेला होता. तो तिथे सुखात आहे असं सगळे सांगतात, पण त्याला भेटायला कुणी जात नाही.

“मी पाकिटं चिकटवणार नाही,” बाबा म्हणाले. “शेवटच्या दिवशी शेवटचा नकाशा काढीन, पेन्सिल खिशात घालीन आणि घरी येईन. एवढंच मागणं आहे माझं.”

पेन्सिलीने नकाशे काढणं बंद होऊन अठरा वर्षं झाली होती. पण ती वेळ हे सांगण्याची नव्हती.

म्हणून बाबांनी गुडघेदुखीचं कारण देऊन घरून काम करायची परवानगी मागितली. लगेच मिळाली. आमच्याकडे डोळ्यांपेक्षा गुडघ्यांना जास्त मान आहे.

टीव्हीची आयडिया माझी. मी एका पाणी शुद्ध करायच्या यंत्रांच्या कंपनीसाठी घरूनच फोनवर तक्रारी ऐकते, त्यामुळे यंत्राच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. लॅपटॉपचा पडदा बाबांना पोस्टाच्या तिकिटाएवढा वाटायचा. आणि हॉलमध्ये आईचा पंचावन्न इंची टीव्ही होता, इतका बारीक दाखवणारा की मालिकेतल्या सासूच्या मिशा मोजता याव्यात. मी केबल जोडली. आईने एकच अट घातली: संध्याकाळी आठ वाजता ऑफिस सुटलं पाहिजे.

दुरुस्तीला आलेला पहिला जुना नकाशा भिंतभर उघडला तेव्हा बाबा उभे राहिले.

“हा कॉरिडॉर मी काढलाय?” मग म्हणाले. “बरा काढलाय की.”

त्यांची काम करायची पद्धत अशी. टीव्हीवर जिना बघायचा असेल तर ते शेजारच्या कॅलेंडरकडे बघायचे, म्हणजे जिना डोळ्याच्या कोपऱ्यात यायचा आणि दिसायचा. लांबून वाटायचं की हा माणूस दिवसभर तारीख बघतोय आणि त्याचा हात भलतंच काही करतोय.

टीव्हीला मात्र आपला कॉम्प्युटर झालाय हे शेवटपर्यंत पटलं नाही. दर चार तासांनी तो पडद्यावर विचारायचा, ‘तुम्ही अजून बघत आहात का?’

“बघतोय!” बाबा ओरडायचे.

त्याला तोंडी उत्तर चालत नसे, रिमोटचं बटण लागायचं. रिमोट आईकडे. आई भाजी निवडत मागे सोफ्यावर बसलेली असायची आणि नकाशे मालिकेसारखे बघायची.

“आज कुणाकडे जायचंय?”

“दातांचा दवाखाना. तिसरा मजला.”

“अगंबाई. काल तर पहिल्यावर होते.”

दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ अर्धंच दिसतंय. आकड्यांची नुसती डोकी. कारण मला माहीत होतं. काही टीव्ही आलेलं चित्र थोडं फुगवून दाखवतात, आणि फुगलेल्या चित्राच्या चारही कडा पडद्याबाहेर जातात. मालिका बघणाऱ्याला फरक पडत नाही, कडेला पडदे आणि नोकर असतात. सेटिंगमध्ये जाऊन एक बटण दाबलं की चित्र जसंच्या तसं येतं. मी दाबलं. घड्याळ पूर्ण झालं.

“लहान केलंस का गं?” बाबांनी विचारलं.

“अगदी नखभर, बाबा.”

“आधीचं ठेव.” ते कॅलेंडरकडे बघत होते. “आधीचं मला दिसत होतं.”

मी आधीचं ठेवलं. घड्याळ काय, भिंतीवर दुसरं होतं. या गोष्टीत गुन्हेगार शोधत असाल तर इथेच थांबा, पुढे दुसरा कुणी येणार नाही.

बाबांचा एक नियम आहे, जो त्यांना त्यांच्या गुरूंनी सांगितला आणि गुरूंना बहुतेक कुणीच सांगितला नव्हता: बॉर्डर नसलेला नकाशा म्हणजे उघडा माणूस. चारही बाजूंनी जाड काळी रेघ हवी. बाबा आधी बॉर्डर बघतात, मग इमारत. आणि टीव्हीवर बॉर्डर दिसत नव्हती, कारण ती टीव्हीने खाल्ली होती. बाबांना वाटलं, हल्लीच्या पोरांनी जुन्या फाइली उघडताना बॉर्डर घालवली. त्यांनी मनातल्या मनात एका पिढीला शिव्या घातल्या आणि प्रत्येक नकाशाला नवीन बॉर्डर काढली, दिसत होतं त्याच्या आत, सुबक. फलक छापणारा बॉर्डरवरच कापतो. ऑफिसात तपासणाऱ्याने सव्वीस वर्षांत बाबांची चूक पाहिलेली नसल्यामुळे त्याने बघणंही सोडून दिलेलं होतं.

आईला तेवढं दिसलं.

“अहो, काल त्या कोपऱ्यात अर्धा जिना होता. आज कुंपणाबाहेर गेला की.”

“कुंपण नाही, बॉर्डर. आणि बॉर्डरबाहेर काही नसतं.”

“जिना होता म्हणते ना मी!”

“तू भाजी बघ.”

असे एकतीस फलक भिंतींवर लागले. मग बाबांच्याच ऑफिसात आगीचा सराव झाला.

घंटा वाजली. सगळे शिस्तीत फलकापाशी गेले, हिरव्या बाणांमागून चालू लागले. बाण रेकॉर्ड रूमच्या दारापाशी येऊन कापला गेला होता. तेव्हा त्रेचाळीस माणसं रेकॉर्ड रूममध्ये शिरली आणि पंचवीस मिनिटं फायलींमध्ये उभी राहिली. दोघांना शिंका आल्या. एकाला सहा वर्षांपूर्वी हरवलेली स्वतःची फाइल सापडली.

शनिवारी सकाळी मॅडम घरी आल्या. मॅडम म्हणजे बाबांच्या साहेब, वयाने त्यांच्या लेकीसारख्या, पण त्यांना मास्तर म्हणणाऱ्या.

“गुडघा कसा आहे, मास्तर?”

“आहे,” म्हणत बाबांनी उजवा गुडघा चोळला. मी खोकले. अर्जात डावा होता. बाबांनी दोन्ही चोळले.

“मी पण होते त्या खोलीत,” मॅडम म्हणाल्या. “जिना पलीकडेच होता. मी रोज त्याच जिन्याने डबा खायला जाते.”

“मग गेला का नाहीत?” आईने विचारलं.

“सराव होता ना. फलकाप्रमाणेच जायचं असं परिपत्रक आहे.” मग त्याच म्हणाल्या, “परिपत्रक मीच काढलंय. पण खरी आग असती तरी नवीन माणूस तिथेच गेला असता, मास्तर. आणि तिथे नुसता कागद आहे.”

चहा ठेवते म्हणून आई उठली, नुसती बशी आणून ठेवली आणि चहा न ठेवताच परत बसली.

“मला दाखवा, कसं काढता ते.”

बाबा टीव्हीसमोर बसले, माउस धरला आणि कॅलेंडरकडे बघायला लागले. मॅडमनीही कॅलेंडरकडे बघितलं.

“तिकडे काय बघताय?”

“इकडचं,” बाबा म्हणाले.

मग माझ्याच्याने राहवेना. चूक माझी आहे असं मी म्हटलं, तीनदा म्हटलं, फोनवर तक्रारदाराला म्हणते तशा सुरात. सेटिंगमध्ये गेले आणि ते बटण दाबलं. चित्र नखभर लहान झालं आणि चारही बाजूंनी कडा आत आल्या. बाबांच्या नव्या बॉर्डरबाहेर जुनी बॉर्डर होती, जाड, काळी, शाबूत. आणि दोन्हींच्या मध्ये उभा जिना.

बाबा उठून टीव्हीपाशी गेले. त्यांनी नकाशाच्या मधोमध तोंड धरलं, म्हणजे कड त्यांना दिसली. त्यांनी जिन्यावर बोट ठेवलं आणि पायऱ्या मोजल्या.

“अठरा. मीच काढला होता.”

“मास्तर, खरं सांगा. तुम्हाला काय दिसतं?”

“मधलं सोडून सगळं,” बाबा म्हणाले. “आणि हा टीव्ही कडा सोडून सगळं दाखवायचा. मला वाटलं, दोघांचं मिळून भागेल.”

मॅडम कप नसलेल्या बशीकडे बघत राहिल्या. टपाल विभागात एक जागा आहे, असं त्या अगदी हळू म्हणाल्या. बाबा म्हणाले, मला गोंदाचा वास सोसत नाही.

तेवढ्यात पडद्यावर आलं, ‘तुम्ही अजून बघत आहात का?’

बाबा ओरडले नाहीत. रिमोट आईच्या मांडीवर होता, तिनेही हात लावला नाही. टीव्हीने एक मिनिट वाट पाहिली आणि तो बंद झाला. काळ्या काचेत आम्ही चौघं दिसत होतो, मॅडम मधोमध. त्या बाबांना दिसल्या नसणार.

त्यानंतर मंगळवारी ते पत्र आलं, जे आलेलं नाही.

“कुणाचं पत्र गं?” बाबांनी विचारलं होतं.

“पाणी येणार नाहीये. दुरुस्ती आहे म्हणे,” आई म्हणाली.

“किती दिवस?”

“कळवतील.”

बाबांनी उठून घरातल्या सगळ्या बादल्या भरल्या. दोन पातेली आणि फुलदाणीसुद्धा. पाणी काही गेलं नाही, बादल्या अजून भरलेल्या आहेत, आणि त्याबद्दल कुणी कुणाला विचारलेलं नाही.

आता ते एकतीस नकाशे दुरुस्त करतात. ते काम ऑफिसने दुसऱ्याला दिलंय आणि त्याने ते संपवलंही. बाबांनी मला बटण दाबून कडा आत ठेवायला सांगितलंय. चित्र लहान झालंय, त्यांना पूर्वीपेक्षा कमी दिसतं, एका जिन्याला तीन दिवस लागतात. आई मागे बसून सांगते, “डावीकडे. अजून. हं, लागली पायरी.” रिमोटचं बटण ती आता टीव्हीने विचारायच्या आधीच दाबते.

काल काम करता करता बाबा थांबले. टेबलावर तळहात ठेवला, दाबून बघितला.

“टेबल हलत नाही आता. काय घातलंस खाली?”

“कागद,” आई म्हणाली.

“चांगला जाड दिसतोय.”

“ऑफिसचा आहे.”

बाबांनी मान हलवली. “ऑफिसचा कागद चांगला असतो,” म्हणाले आणि कॅलेंडरकडे बघत पुढची पायरी काढायला लागले.

मी आतल्या खोलीत गेले आणि अर्ज लिहिला. आज टपालाने पाठवलाय. पाकीट मीच चिकटवलं.

प्रति,
मा. प्रमुख, आपत्कालीन मार्ग व फलक विभाग

विषय: लाल ठिपक्याचे स्थलांतर करण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या विभागाच्या सर्व फलकांवरील ‘तुम्ही इथे आहात’ हा ठिपका सध्या नकाशाच्या मध्यभागी दर्शविण्यात येत असून, तो सदर फलक सव्वीस वर्षे काढणाऱ्या इसमास दिसत नाही. तरी शहरातील सर्व इमारतींमधील हे ठिपके तातडीने कडेस हलविण्यात यावेत, व नकाशा आणि वस्तुस्थिती यांत तफावत राहू नये म्हणून इमारतींत वावरणाऱ्या सर्व व्यक्तींना सदर इसमाच्या निवृत्तीपर्यंत मध्यभाग सोडून कडेने उभे राहण्याचे परिपत्रक आपल्या सहीने काढण्यात यावे, ही नम्र विनंती.

सोबत: काही नाही. मूळ पत्र टेबलाखाली असल्याने जोडता येत नाही.