डाव्या खांद्याचा कोट

मी एक जुना कोट आहे. मित्रांनो, अकोल्यात कोट म्हणून जन्माला येणे ही काही फार हुशारीची गोष्ट नाही. इथल्या उन्हाळ्यात माणसे अंगावरचा सदरासुद्धा नाइलाजाने ठेवतात. तरीही मी जन्मलो, आणि माझा जन्म वाया गेला असे मला वाटत नाही. मला फक्त खांद्यांची फार आठवण येते. कोटाला बाह्या असतात, छाती असते, खिसे असतात. खांदे मात्र दुसऱ्याचे लागतात.

अकोल्याहून तेल्हाऱ्याकडे जाताना रस्त्याला लागून झेंडूचे आणि शेवंतीचे एक शेत आहे. शेतातच घर आहे. आतल्या खोलीच्या दाराआड एक खिळा आहे, खिळ्यावर बाभळीच्या लाकडाचा रुंद हँगर आहे आणि त्या हँगरवर मी आहे. माझा रंग राखेचा. हे शेत देवानंदचे आणि त्याच्या आईचे, पार्बताबाईंचे. हँगर देवानंदने स्वतः तासून केला, कारण तारेच्या हँगरवर कोटाचे खांदे टोचले जातात हे त्याने मोबाइलवर पाहिले होते.

माझे कापड म्हणजे एका ठाणाचा उरलेला तुकडा. त्यात लोकर थोडी आणि पॉलिएस्टर जास्त. लोकरीचा तंतू मुळात कुरळा असतो, म्हणून चुरगळला तरी टांगून ठेवला की हळूहळू पूर्ववत होतो. पॉलिएस्टर स्वस्त असते आणि लवकर झिजत नाही, पण त्यातून वारा फारसा जात नाही. थोडक्यात, माझ्यातले गुण थोडे होते आणि टिकाऊपणा भरपूर होता.

मला जठारपेठेतल्या खुशालराव टेलरांनी शिवले. त्यांनी आधी एक चमकदार मरून कापड देवानंदपुढे उलगडले होते.

"हे घे बाप्पा. फोटोत कसं उठून दिसते पाह्य."

"मले फोटोत नाई बसाचं, खुशालभाऊ. माणसात बसाचं हाय."

"मंग हा राखुंड्याचा कलर घेशीन? मास्तरावानी दिसशीन."

"दिसू द्या. मास्तराले लोकं खुर्ची तरी देतात."

खुर्चीची ही गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. देवानंदला लग्न करायचे होते. आजूबाजूच्या कितीतरी नवरदेवांच्या गळ्यात त्याच्याच शेतातला झेंडू पडायचा, आणि त्याच्या गळ्यात मात्र हार पडत नव्हता. मुलीकडचे विचारत, "पोरगा काय करते?" उत्तर येई, "फुलांची शेती." मग ते लोक पावसापाण्याचे बोलत आणि चहा पिऊन उठत. एका घरी तर त्याला ओट्यावर बसवले होते. मागून एक कारकून आला, तर त्याच्यासाठी आतून खुर्ची आली. देवानंदने ते पाहिले आणि दुसऱ्याच आठवड्यात जठारपेठ गाठली.

माप घेताना खुशालरावांचा टेप त्याच्या पाठीवर थांबला.

"तुहा डावा खांदा उतरला हाय रे."

"फुलांचं पोतं त्याच खांद्यावर घेतो. लहानपणापासून."

खुशालरावांनी माझ्या डाव्या खांद्याच्या पॅडमध्ये कापसाचा एक थर जास्त घातला. मला घातले की देवानंदचे दोन्ही खांदे सारखे दिसू लागले.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, ती पुढे लागेल. भारी कोटाच्या छातीत आतले जाड कापड टाके घालून बसवलेले असते. माझे डिंकासारख्या लेपाने चिकटवलेले आहे. गरम इस्त्रीने तो लेप वितळतो आणि गार झाला की धरतो. कोरडा असेपर्यंत पक्का बसतो. ओल आणि उष्णता मात्र त्याला एकत्र सोसत नाहीत.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. देवानंदने थोडक्या पैशांत नीटनेटके दिसण्याचा अभ्यास एखाद्या पिकाचा करावा तसा केला होता. कोट एकच, पण त्याला चालतील अशा दोन पँट. बूट आणि पट्टा एकाच रंगाचे. कोटाचे खालचे बटण लावायचे नाही. पांढऱ्या शर्टाची बाही कोटाच्या बाहीतून अर्धे बोट बाहेर दिसली पाहिजे. शर्टाची कॉलर झिजली तेव्हा त्याने ती खुशालरावांकडून उलटून घेतली, म्हणजे आतली कोरी बाजू वर आली. मला घालून आला की तो मला मऊ ब्रशने झटकायचा आणि लागोपाठ दोन दिवस कधी घालायचा नाही. इस्त्री करायची तर मध्ये सुती फडके धरायचा. मित्रांनो, एवढी काळजी घेतली की साधे कापडही भारी वाटू लागते. एकदा बँकेत गेलो, तर शिपायाने "या साहेब" म्हणून पंख्याखाली बसवले. देवानंद कोणाच्या लक्षात येणार नाही इतपत हसला. माझ्या आत होता, म्हणून मला कळले.

पार्बताबाईंना मात्र माझी कीव यायची, की लेकाची, कोण जाणे. "एवढ्या उनात कोट! मले तं पाहूनच घाम फुटून राहिला," असे त्या म्हणायच्या आणि माझ्या कॉलरवरून हात फिरवायच्या. त्यांची बोटे झेंडूने कायमची पिवळी झालेली होती. म्हणून त्या हाताची मागची बाजू फिरवायच्या.

स्थळे बघायला देवानंदबरोबर त्याचे मामा, जानराव, असायचे. मी आल्यापासून त्यांची भाषा बदलली होती.

"पोरगा कंपनीत हाय," ते सांगायचे.

"कोणत्या?"

"मोठी हाय. नाव इंग्रजी हाय, मले नाई घेता येत."

आम्हाला आता सगळीकडे खुर्ची मिळू लागली. पण खुर्चीत बसल्यावर देवानंदचे काळीज माझ्या खिशाखाली इतके जोरात वाजायचे की मला वाटे, समोरच्यांना ऐकू जाईल. परतताना तो खिडकीबाहेर बघत बसायचा. कुठे पत्रिका आडवी आली, कुठे कंपनीचे नाव. जमत काहीच नव्हते.

मग अमरावतीचे स्थळ आले. मुलीचे नाव वर्षाली. ती तिथल्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करत होती. तिचे वडील केशवराव नोकरीतून निवृत्त झालेले. दिवस मे महिन्याचे. देवानंदला त्याच दिवशी अमरावतीच्या बाजारात फुले पोचवायची होती. त्याने ठरवले, मालाच्या गाडीनेच जाऊ, फुले उतरवू, हातपाय धुऊ, कोट घालू आणि तसेच केशवरावांकडे जाऊ.

मला बांधून देण्याचे काम पार्बताबाईंनी आपण होऊन घेतले. आता फुले लांब पाठवायची तर त्या काय करत? सुती लुगडे पाण्यात बुडवून पिळायचे, त्यात फुले गुंडाळायची, वरून पुन्हा हाताने पाणी शिंपडायचे. त्यांनी बांधलेले फूल बाजारात कोमेजून गेलेले कोणी पाहिले नाही. त्या पहाटे त्यांनी मलाही तसेच बांधले. ओल्या लुगड्यात घातले, पाणी शिंपडले आणि थोपटून मला म्हणाल्या, "सुकून जाशीन बावा उनात. अमरावती लांब हाय." मग त्यांनी मला झेंडूच्या क्रेटवर, ताडपत्रीखाली ठेवले.

ताडपत्रीखालची ती वाट मी विसरलेलो नाही. खाली झेंडू चिरडत होता, अंगाला ओल होती, वर ऊन होते. बडनेऱ्याच्या आसपास माझ्या छातीतला लेप सुटू लागला.

अमरावतीत फुले उतरल्यावर देवानंदने लुगडे उलगडले. माझ्या छातीवर फोड आले होते आणि उजव्या बाहीच्या टोकाला पिवळा डाग पसरला होता.

"अबे, हे कोट हाय का कांद्याचं भजं?" जानराव ओरडले. "फेक थो. शर्टावर चाल."

देवानंदने लुगड्याला हात लावला आणि त्याला सगळे उमगले. "मायनं पानी शिंपडलं," तो म्हणाला आणि हसला. "मायनं बांधून देल्ला मामा. आता घालतोच."

केशवरावांच्या घरी कूलर होता, पोहे होते, त्यावर तर्री होती आणि खुर्ची होती. माझ्या बाहीचा ओला पिवळा रंग एव्हाना शर्टाच्या त्या अर्ध्या बोटावर उतरला होता. केशवरावांना तो दिसला. त्यांना वाटले, पोह्यांची हळद लागली. जानराव लगेच म्हणाले, "पाहा, पोराले आतापासूनच हळद लागली!" सगळे हसले. केशवरावांनी मुलीला सांगितले, "वर्षाली, नळावर साबण दे बरं त्यांना."

अंगणातल्या नळावर वर्षाली साबण घेऊन उभी राहिली. देवानंदने डागाला साबण चोळला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो, हे घरोघरी माहीत असते. आमचा डाग लाल झाला नाही, नुसता गडद पिवळा झाला. वर्षाली वाकून बघू लागली.

"हळद नाई हे," ती म्हणाली. "काय हाय?"

तो काहीही सांगू शकला असता. नळाचे पाणी माझ्या बाहीतून ठिबकत होते.

"झेंडू हाय."

"कंपनीत झेंडू लावतात?"

"कंपनी नाई. शेती हाय माही. झेंडू अन् शेवंती. मामानं खोटं सांगतलं, अन् मी बसून आयकलं."

"मंग कोट काहून घातला?"

"शेती म्हटलं का लोकं खुर्ची देत नाई. कोट पाहून देतात."

वर्षालीने नळ बंद केला आणि ती आत गेली. देवानंदने आत येऊन तेच केशवरावांना उभ्यानेच सांगितले. केशवरावांचा चेहरा उतरला. "आम्हाला नोकरीवाला सांगतला होता, जानराव," ते म्हणाले. जानराव बशीतल्या चहात बघत राहिले. देवानंदने माझे बटण लावले. "चुकलं आमचं. येतो."

तेवढ्यात आतल्या दारातून वर्षालीचा आवाज आला. "बाबा, पोहे अर्धे टाकून आपल्या घरून कोणी उठलं हाय का आजपर्यंत? बसा म्हना त्याइले. अन् शेवंती कोनत्या महिन्यात लावतात, थे विचारा."

देवानंद बसला. मित्रांनो, मी बऱ्याच खुर्च्यांवर बसलो आहे, पण मला ती एकच आठवते. मी तेव्हा ओला, फुगलेला आणि डागाळलेला होतो. मला बघून कोणी खुर्ची दिली असती असा मी राहिलोच नव्हतो. ती त्याची त्याला मिळाली होती.

केशवरावांचा राग जायला पावसाळा उलटावा लागला. एकदा ते न सांगता शेतावर आले, बांधावरून हिंडले आणि जाताना शेवंतीची दोन रोपे मागून घेऊन गेले. त्यानंतर लग्न ठरले.

लग्नात नवरदेवाचा सूट मुलीकडून यावा, ही आमच्याकडची रीत. केशवरावांनी हौसेने आणला. तो मरून होता, चमकदार होता. लग्नाच्या सकाळी देवानंदने तो घातला, क्षणभर माझ्यासमोर थांबला, माझी कॉलर नीट केली आणि निघून गेला. बँडचा आवाज रस्त्याने लांब लांब जाताना मी दाराआडून ऐकला. दुसऱ्या दिवशीपासून मरून सूट माझ्या शेजारच्या खिळ्यावर आहे. तो एकदाच बाहेर गेला होता. त्याच्याशी माझे भांडण नाही.

वर्षालीने मला एकदा खुशालरावांकडे नेले होते. ते म्हणाले, "लेप सुटला. हा आता काई बसत नाई." देवानंदला त्यानंतर कोटाची गरज पडली नाही, आणि ती पडू नये हे मलाही समजते. समजते, पण मन मानत नाही. तो आधी डावा हात घालायचा, मग एक झटका देऊन मला पाठीवर घ्यायचा. तो झटका मला झोपेत जाणवतो. पार्बताबाई झाडताना या दाराशी आल्या की तोंड फिरवायच्या. जानरावांनी त्यांना सगळे सांगितले होते. "माह्याच हातानं नासला," असे त्या एकदा सुनेला म्हणाल्या. तेव्हापासून त्यांनी मला बोट लावले नाही.

यंदा थंडी चांगली पडली. आमच्याकडे बायका शेतात जाताना लुगड्यावर पुरुषाचा जुना शर्ट घालतात. पार्बताबाई तसाच एक विरलेला शर्ट घालून पहाटे फुले तोडायला निघाल्या होत्या आणि खोकत होत्या. वर्षालीने मला खिळ्यावरून काढले.

"हा घाला, आई."

"नोको माय. म्या एकदा खराब केला थो."

"आता त्याचं कायचं खराब होते? घाला. नाई तं मी पानी शिंपडून देऊ का?"

त्या मे महिन्यानंतर पार्बताबाई माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या. त्यांनी डावा हात घातला, मग उजवा. बाह्या बोटांच्या खाली आल्या, छाती सैल पडली. मला वाटले, कोटाची कसली ही शोभा. पण डावा खांदा बसला आणि मी चकित झालो. खुशालरावांनी घातलेला तो जास्तीचा थर तिथे नेमका बसला होता. पार्बताबाईंचाही डावा खांदा उतरलेला होता, लेकासारखाच. पोते लेकाच्या खांद्यावर येण्याआधी कितीतरी वर्षे त्यांच्या खांद्यावर होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराआड एखादे कापड टांगलेले असेल. त्याला कोरडे ठेवा, अधूनमधून सावलीत हवा द्या. पण फक्त जपून ठेवू नका. आधी घरातल्या खांद्यांकडे एकदा नीट बघा, कोणाला ते बसेल याचा अंदाज घ्या, आणि घाला.

आता रोज पहाटे मी शेतात जातो. माझे खिसे आतून पिवळे झाले आहेत. ऊन चढले की पार्बताबाई मला झटकून पुन्हा खिळ्यावर ठेवतात, आता हाताची पुढची बाजू फिरवून. अकोल्यात थंडी फार दिवस राहत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पहाटे दाराची कडी वाजली की मी खांदे सरळ करतो.