नीट न लागणारा दरवाजा

मित्रांनो, माझ्यासमोर कुणी थांबत नाही. लोक येतात, मला ढकलतात आणि पुढे जातात. माझी तक्रार नाही, दरवाजाचं कामच ते. मी एका बैठ्या घराच्या अंगणाचा लोखंडी दरवाजा आहे. उंचीनं माणसाच्या छातीइतका, एके काळचा निळा, आणि वयानं चाळिशी ओलांडलेला. घरातली माणसं मला गेट म्हणतात. मी तेही मनावर घेत नाही.

माझा जन्म याच रस्त्याच्या टोकाला, एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. तो फार बोलका नव्हता, पण हाताचा चोख होता. माझी एकेक सळई त्यानं डोळ्यासमोर आडवी धरून तपासली होती. मला बसवायलाही तो स्वतः आला. दोन बिजागऱ्यांवर चढवून त्यानं मला करंगळीनं ढकललं, तसा मी आवाज न करता फिरलो आणि माझी कडी खाचेत अलगद पडली.

"तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल," तो म्हणाला, "फक्त वर्षातून एकदा तेल घाला."

पहिली काही वर्षं कुणीतरी आठवणीनं तेल घातलं. मग ते राहून गेलं.

घरात नवरा, बायको आणि त्यांची एक मुलगी. बायको इस्पितळात नर्स होती. गल्लीतली मुलं तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणतो. नवरा पोस्टमन. ते सगळ्यांचे काका. मुलगी लहानपणी माझ्या खालच्या आडव्या पट्टीवर उभी राहून झोके घ्यायची. त्या झोक्यांनी माझी वरची बिजागरी सैल झाली, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली. काका निवृत्त झाले, वर्षाच्या आत मावशीही निवृत्त झाल्या. मग दिवसातून दोनदाच माझी गरज पडू लागली. एकदा दुधाला, एकदा भाजीला.

अशातच शेजारणीला चार दिवस परगावी जावं लागलं. तिचं कुत्रं कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न पडला. मावशी म्हणाल्या, "ठेव माझ्याकडे." कुत्रं चार दिवसांत दीड किलोनं वाढून परत गेलं. शेजारणीनं ही बातमी जिथं तिथं सांगितली, आणि बघता बघता मावशींच्या घरी पाहुण्यांची रीघ लागली. कुणी लग्नाला निघालेलं, कुणी कामाला, कुणी नुसतंच हवापालटाला. माणसं निश्चिंत मनानं जायची आणि त्यांची कुत्री आमच्याकडे राहायची.

मावशींची रीत ठरलेली होती. पिंजरा नाही, साखळी नाही. कुत्र्याला घरात जिथं झोपावंसं वाटेल तिथं त्याचं अंथरूण. येताना त्याचं नेहमीचं भांडं आणायचं, आणि मालकानं वापरलेला एक न धुतलेला कपडाही. माझ्यापाशी उभ्या राहून मावशी एका वहीत सगळं लिहून घ्यायच्या. किती वाजता खातो, औषध कोणतं, कशाला घाबरतो. वॉर्डात नवा पेशंट दाखल व्हावा, अगदी तसं.

काकांचं मात्र कुत्र्यांशी फारसं सख्य नव्हतं. पोस्टमनच्या नोकरीत त्यांना पाच वेळा कुत्रं चावलं होतं. त्यांच्या पोटऱ्या म्हणजे गावातल्या कुत्र्यांची हजेरीवहीच होती.

"तीस वर्षं ज्यांच्यापासून पळालो, त्यांना आता घरात घेऊन अंथरूण घालायचं का?" त्यांनी विचारलं होतं.

"तुम्ही पेपर वाचा. मी बघते त्यांचं," मावशी म्हणाल्या.

म्हणून काका व्हरांड्यात पाय खुर्चीवर घेऊन पेपर वाचायचे. वासराएवढी एक काळी कुत्री यायची, तिचं नाव मुंगी. मिक्सर सुरू झाला की ती थरथरत काकांच्या खुर्चीखाली घुसायचा प्रयत्न करायची. खुर्ची वर उचलली जायची आणि काकाही. "अगं, हिला घे," ते ओरडायचे. पण नंतर नंतर मिक्सर लागायच्या आत काका मुंगीला आवाज द्यायचे, "ये बाई, लागणार आहे आता." हात मात्र लावायचे नाहीत.

मला पाहुण्यांचं येणं बघवत नसे. मालक पाठ वळवून निघाला की कुत्रं माझ्या सळयांत नाक खुपसून उभं राहायचं. त्यांच्या गरम श्वासानं माझं लोखंड ओलं व्हायचं. परत जाण्याचा दिवस मात्र मला फार आवडायचा. ओळखीची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधीच कुत्र्याला कळायचं. मग शेपटीचे फटके माझ्यावर इतके बसायचे की मी घंटेसारखा वाजायचो. या घराला माझी खरी गरज आता लागली, असं मला वाटायचं.

पण मित्रांनो, माझी ती सैल बिजागरी हळूहळू आणखी खाली बसली. मी एका बाजूनं झुकलो. कडी खाचेच्या वर टेकून राहायची, आत पडायचीच नाही. मला जरा उचलून, मग ढकलून, वरून तळव्यानं एक थाप दिली की लागायचो. घरच्यांच्या हाताला ती सवय झाली.

"अहो, त्या गेटचं बघा एकदा," मावशी म्हणायच्या.

"उद्या बघतो," काका म्हणायचे. असे तीन आठवडे गेले.

त्याच सुमारास कापूस आला. पांढरा, केसाळ, म्हातारा कुत्रा. पांढरा म्हणायचा एवढंच, वयानं पिवळट पडला होता. दोन्ही कानांनी ठार बहिरा. त्याची मालकीण शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या गावी होतं, म्हणून ती आठ दिवस जाणार होती. तिनं वडिलांचा एक जुना सदरा आणला होता. वडील आदल्या वर्षी गेले होते. बाई वहीसाठी पत्ता सांगताना म्हणाली, "मावशी, हा तसा बाबांचा कुत्रा. माझ्याकडे राहतो, पण अजून माझा झालेला नाही."

कापूस शांत होता. खायचा, सदऱ्यावर झोपायचा, आणि उरलेला वेळ माझ्यापाशी बसून रस्ता बघायचा. दोन दिवस असे गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कुरियरवाला आला. पार्सल दिलं, सही घेतली, आणि जाताना त्यानं मला चांगलं जोरात लावलं. त्याची काही चूक नव्हती. कडी खाचेवर आपटली, लागल्यासारखा आवाज झाला. मला एकट्यालाच ठाऊक होतं की मी लागलेलो नाही. वाऱ्याची एक झुळूक आली आणि मी वीतभर उघडलो. कापूस उठला. त्यानं नाकानं मला आणखी थोडं सारलं आणि सावकाश बाहेर पडला. कुत्र्यांना आत ठेवण्यासाठीच मी होतो, आणि तो माझ्यातूनच निघून गेला. मला ओरडता आलं असतं तर मी गल्ली उठवली असती.

दहा मिनिटांनी मावशी बाहेर आल्या. उघडा दरवाजा बघून त्यांनी काकांना हाक मारली. काका बाहेर आले. दोघांनी आधी अंगण पाहिलं, मग गल्ली, मग मागचं मैदान. हाका मारून उपयोग नव्हता, त्याला ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासानं दोघं परत माझ्यापाशी येऊन उभे राहिले. मावशींनी फोन काढला.

"अगं, आधी शोधू. सापडला की मग सांगू," काका म्हणाले. "तिच्या आईचं ऑपरेशन आहे. उगाच जीव टांगणीला लावायचा."

"मी तीस वर्षं वॉर्डात काढली," मावशी म्हणाल्या. "वाईट बातमी उशिरा सांगितली की दुप्पट वाईट होते."

त्यांनी बाईला सगळं जसं घडलं तसं सांगितलं. गेटची कडी नीट लागत नव्हती, आम्हाला माहीत होतं, आम्ही दुरुस्त केली नाही, हेही सांगितलं. मग बाई म्हणाली, "आईजवळ मामीला बसवते आणि मिळेल त्या गाडीनं निघते. पाच तास लागतील."

काका सायकल काढून वहीतल्या पत्त्यावर, बाईच्या फ्लॅटवर जाऊन आले. वॉचमननं कुत्रं पाहिलं नव्हतं. बाजार, शाळा, बसस्टँड, सगळीकडे फिरून दुपारी ते घामाघूम होऊन परतले आणि माझ्या खांबाला टेकून उभे राहिले. त्यांचा हात माझ्या कडीवर होता. ते ती कडी नुसतीच वरखाली करत होते.

आणि मग ते एकदम म्हणाले, "या बाई फ्लॅटमध्ये कधी राहायला आल्या?"

"सहा महिने झाले असतील," मावशी म्हणाल्या.

"मग मी मूर्खासारखा नव्या पत्त्यावर काय शोधतोय? अगं, माणूस घर बदलतो, पण त्याची पत्रं वर्षभर जुन्याच पत्त्यावर येत राहतात. मी आयुष्यभर तीच वाटलीत."

मावशींनी पुन्हा फोन लावला. बाई बसमध्ये होती. "आधी आम्ही बाबांच्या घरी राहायचो," तिनं सांगितलं. "पाण्याच्या टाकीमागे, हिरव्या खिडक्यांचं घर. ते विकलं आम्ही."

काकांनी फोन हातात घेतला. "घर नंबर सतरा," ते म्हणाले. "तुमचे वडील चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायचे."

"हो," बाई म्हणाली.

"पायरीवर एक पांढरं कुत्रं असायचं. सात वर्षं रोज माझ्यावर भुंकलं, चावलं मात्र कधी नाही. तोच हा कापूस होय? तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मी ओळखलं नाही हो त्याला."

पुढचं मी पाहिलेलं नाही, मी जागचा हलत नाही. पण काकांनी माझ्यापाशी उभं राहून ते इतक्या जणांना सांगितलंय की मला पाठ झालंय.

त्या हिरव्या खिडक्यांच्या घरात आता एक शिंपी राहतो. कापूस त्याच पायरीवर बसला होता. शिंप्यानं त्याच्यापुढे पाणी ठेवलं होतं आणि ऊन लागू नये म्हणून छत्री उघडून टेकवली होती.

"हाकललं तर जाईना," शिंपी म्हणाला. "शेवटी दार उघडलं. आत आला, सगळ्या खोल्या हुंगल्या, माझ्या मशीनखाली बघितलं आणि परत बाहेर येऊन बसला. कुणाला शोधतोय हो हा?"

"याच्या मालकाला," काका म्हणाले. "ते गेले."

काका त्याच्याशेजारी पायरीवर बसले. बहिऱ्या कुत्र्याला काय समजवणार? काही वेळ दोघं नुसतेच रस्त्याकडे बघत राहिले. मग काकांनी, आयुष्यात पहिल्यांदा, कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. कापसानं मान वळवून तो हात हुंगला. शेपटी एकदाच हलवली. काकांनी पट्टा अडकवला आणि सायकल तिथंच ठेवून ते त्याच्या चालीनं घरी निघाले. दोन किलोमीटरला त्यांना दीड तास लागला. दोघांचे गुडघे सारखेच दुखरे, त्यामुळे कुणी कुणाला घाई केली नाही.

त्यांना कोपऱ्यावर वळताना मी पाहिलं. मावशी माझ्यापाशी उभ्या होत्या. त्या पदरानं डोळे पुसत होत्या आणि तोंडानं मात्र काकांना पाणी प्यायलात का, टोपी कुठे टाकलीत, असं रागावत होत्या.

काकांनी चहासुद्धा घेतला नाही. कापसाला आत पोचवून ते बाजारात गेले, नवी बिजागरी आणि कडी घेऊन आले. वेल्डर केव्हाच म्हातारा होऊन घरी बसला होता, पण त्याची मुलगी शेड चालवते. ती हत्यारं घेऊन आली. तिनं मला उतरवलं, सरळ केलं, गंज घासला, तेल घातलं, पुन्हा चढवलं. पंचवीस वर्षांनी मी ताठ उभा राहिलो.

बाई संध्याकाळी पोचली. कापसाच्या गळ्याला मिठी मारून ती अंगणातच बसून राहिली. मग उठली. मावशी म्हणाल्या, "चूक आमची आहे. तुला राग आला असेल तर तो बरोबरच आहे."

"राग आला आहे," बाई म्हणाली. "पण तुम्ही लगेच फोन केलात. परत ठेवेन की नाही, ते आज नाही सांगता येणार." आणि ती कापसाला घेऊन गेली. मावशी त्या रात्री जेवल्या नाहीत, असं काका दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला सांगत होते.

दीड महिना बाई फिरकली नाही. काका मात्र रोज मला उघडून, लावून बघायचे.

मग एका रविवारी ती कापसाला घेऊन आली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तिनं भांडं दिलं, सदरा दिला, आणि काकांना म्हणाली, "आम्ही दर रविवारी त्याला जुन्या घरी नेतो. शिंपीकाका पायरीवर बसू देतात. तासभर बसला की आपणहून उठतो. तुम्ही न्याल?"

"सतरा नंबर ना," काका म्हणाले. "नेईन की."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू अशी असेल, जी फक्त तुमच्याच हाताला वळते. अडखळणारं बटण, सैल नळ, झुकलेला दरवाजा. तुम्ही तिला सांभाळून घेता, आणि तुम्हाला वाटतं, काम भागतंय. पण तिच्या भरवशावर कुणी पाहुणा येतो, कुणी लहान मूल येतं, कुणी मुका जीव येतो, आणि त्याला तुमची युक्ती ठाऊक नसते. तेव्हा उद्यावर टाकू नका. आम्ही वस्तू तोंडानं काही मागत नाही. थोडं तेल, एक खिळा, पाच मिनिटांचा वेळ, एवढ्यावर आम्ही वर्षानुवर्षं तुमच्या माणसांची राखण करतो.

त्या रविवारी बाई जायला निघाली, तेव्हा तिनं मला बाहेरून लावलं. कडी पडली. तिनं ओढून पाहिलं. चार पावलं गेली, परत आली, पुन्हा ओढून पाहिलं. मी हललो नाही. मग तिनं सळईवर क्षणभर तळवा ठेवला आणि ती गेली.

आत कापूस मावशींच्या पायाशी बसून भांड्यातलं खात होता.

मला तिचा जराही राग आला नाही. ज्याची काळजी असते, त्याच्याच दरवाजाची कडी माणूस दोनदा तपासतो.